भिंगार : शहराच्या आधीचे गाव, शहराच्या कडेचे उपनगर

नगर शहराच्या जुन्या पेठांतून पूर्वेकडे निघाले की आधी भुईकोट किल्ला लागतो, मग लष्कराची लांबच लांब कुंपणे, चिंचा आणि लिंबांच्या सावलीतले रस्ते, आणि त्यानंतर एकाएकी दाट वस्तीचे, अरुंद गल्ल्यांचे भिंगार. अंतर फार नाही. तरीही भिंगारचा माणूस आजही "नगरात जाऊन येतो" असेच म्हणतो. आपण नगरात राहत नाही, हे त्याला शब्दांत सांगावे लागत नाही.

आजच्या धाग्याचा विषय हेच उपनगर. मात्र 'उपनगर' हा शब्द येथे थोडा अवघड जागी बसतो. शहर वाढते, गर्दी मावेनाशी होते आणि कडेला नवी वस्ती उगवते, अशी उपनगराची आपली कल्पना असते. सावेडीच्या वसाहती, केडगावचे नवे प्लॉट, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीची घरे या कल्पनेत नीट बसतात. ही गावेही जुनीच, पण त्यांचे आजचे रूप शहराने घडवले. भिंगारची गोष्ट उलट्या क्रमाने सुरू होते. येथे आधी भिंगार होते आणि त्याच्या शेजारी, त्याच्याच परिसरात, नगर वसवले गेले.

गावाचे नाव भृंग ऋषींवरून पडले अशी लोकपरंपरा आहे. अशा व्युत्पत्तींना इतिहासाचा दाखला मागू नये. पण त्यांतून एक गोष्ट कळते. आपले गाव शेजारच्या सुलतानी शहरापेक्षा जुने आहे, ही जाणीव गावाने जपली आहे. आणि ती जाणीव खरी आहे. १४९० च्या आधी या प्रदेशाच्या वृत्तान्तांत अहमदनगर हे नाव असणे शक्यच नाही. भिंगार मात्र त्यांत आहे, आणि तेही एका लष्करी तळाची जागा म्हणून.

तो तळ बहामनी फौजेचा होता. बिदरची सत्ता खिळखिळी झाली होती. जुन्नरला बसलेला मलिक अहमद हा निजामउल्मुल्क मलिक हसन याचा मुलगा. बापाचा बिदरमध्ये खून झाल्यावर तो केंद्राचे ऐकेनासा झाला. त्याला वठणीवर आणण्यासाठी सुलतान महमूदशहाने जहांगीरखान या अनुभवी सरदाराला पाठवले. जहांगीरखान पूर्वेकडच्या डोंगररांगा उतरून भिंगारला आला आणि तेथेच थांबला. मलिक अहमद जेऊरच्या घाटाच्या बाजूला होता. दोन्ही सैन्यांत काही कोसांचे अंतर. पावसाळा तोंडावर आला होता. अशा दिवसांत कोणी हल्ला करणार नाही, या भरवशावर बहामनी छावणी जवळजवळ महिनाभर सुस्तावून राहिली. २८ मे १४९० च्या पहाटे मलिक अहमद रात्रभर वाट तुडवून छावणीवर येऊन कोसळला. जहांगीरखान मारला गेला आणि निजामशाही नावाचे राज्य उभे राहिले.

विजयाच्या जागी अहमदने बाग लावली. तिचे नाव बाग निजाम, आणि म्हणून या लढाईलाही बागेची लढाई म्हणतात. चार वर्षांनी, १४९४ मध्ये, सीना नदीच्या डाव्या तीरावर त्याने शहराची आखणी सुरू केली. जुन्नर आडबाजूला पडत होते. दौलताबाद अजून हाती आले नव्हते, आणि त्यासाठी दरवर्षी स्वारी करायची होती. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मध्यावर, नदी जवळ असलेले, मोकळे आणि एका विजयाने शुभ ठरलेले ठिकाण त्याला राजधानीसाठी पसंत पडले. दोनच वर्षांत हे शहर बगदाद आणि कैरोशी स्पर्धा करू लागले असे फिरिश्ता लिहितो. फिरिश्ता लहानपणी याच शहरात आला, येथेच वाढला आणि निजामशाहीच्या चाकरीत राहिला. तेव्हा या वाक्यातून लहानपणाच्या गावाचे प्रेम वजा करून घ्यावे.

येथे एक क्षण थांबू. शहर सीनेच्या काठाने वाढले, किल्ला त्याच्या पूर्वेला झाला. भिंगार जिथे होते तिथेच राहिले. पण आता त्याच्या आणि नदीच्या मध्ये एक राजधानी उभी होती. गाव हलले नाही आणि तरी ते 'कडेला' गेले. त्यानंतरच्या पाचशे वर्षांत भिंगारचे जे जे झाले, ते या एका गोष्टीतून समजते. राजधानीला आपल्या पोटात जे ठेवायचे नसते, पण ज्याच्याशिवाय तिचे चालत नाही, ते ती आपल्या कडेला ठेवते. बागा, पाण्याचे साठे, दर्गे, कबरी आणि फौज.

निजामशाहीत या कडेला प्रामुख्याने बागा आणि पाणी आले. फराहबाग हे त्याचे ठळक उदाहरण. मधोमध महाल आणि चहूबाजूंना तलाव. चंगीजखानाने काम सुरू केले, न्यामतखानाने ते पुढे नेले, मुर्तझा निजामशहाला ते पसंत पडले नाही, आणि मग सलाबतखानाने नव्याने बांधून १५८३ मध्ये पुरे केले. आज तलाव कोरडा आहे आणि महालाच्या कमानी उघड्या पडल्या आहेत. किल्ल्यापासून जवळच दमडी मशीद आहे. आकाराने लहान, पण दगडी कोरीवकामात नगरमधील कोणत्याही इमारतीला मागे टाकणारी. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती बांधली असे सांगतात. कथा खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. राजधानीच्या कडेला कष्टकऱ्यांची वस्ती होती, एवढे तरी तिने स्मरणात ठेवले. आणि पाथर्डीच्या रस्त्याने पुढे गेले की शहा डोंगरावर सलाबतखानाची तीन मजली कबर दिसते. अवघा जिल्हा तिला 'चांदबीबी महाल' म्हणतो. चांदबीबीचा तिच्याशी काही संबंध नाही. परंतु लोकांच्या तोंडी बसलेले नाव धाग्यांनी बदलत नाही, हे लेखकाला ठाऊक आहे.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. नगरचा परिसर पर्जन्यछायेतला. सीना वर्षातले कित्येक महिने कोरडी. निजामशाही कारागिरांनी भोवतालच्या उंच भागातून, कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून, जमिनीखालून खापरी नळ आणि चुनेगच्ची पाट टाकून पाणी शहरात, किल्ल्यात आणि बागांत आणले. उताराचा हिशेब इतका काटेकोर होता की पाणी केवळ आपल्या वजनाने वाहत येई. हवा आणि दाब यांसाठी मध्ये मध्ये उच्छ्वास बांधलेले असत. यांतील काही नहरी इंग्रजी अमलातही दुरुस्त करून वापरल्या गेल्या. शहराचे कारंजे उडायचे, पण त्याचा उगम आणि त्याची वाट कडेच्या गावांच्या शिवारांतून जायची.

निजामशाही संपली, मोगल आले. किल्ला १६०० मध्ये चांदबीबीच्या खुनानंतर पडला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे म्हणून ती येथे सोडतो. भिंगारच्या दृष्टीने मोगल काळातील मोठी घटना एकच, आणि तीही पुन्हा एका छावणीची.

औरंगजेब दख्खनेत उतरला तेव्हा त्याच्यासोबत राजधानीही चालत होती. जेमेल्ली करेरी हा इटालियन प्रवासी १६९५ मध्ये गलगल्याच्या तळावर बादशहाला भेटला. छावणीचा घेर तीस मैल, तीत अडीचशे बाजार आणि पाच लाख माणसे, असा त्याचा अंदाज आहे. अंदाज फुगवलेला असेल. निम्मा धरला तरी ते त्या काळच्या बहुतेक शहरांपेक्षा मोठे चालते शहर होते. अकरा वर्षांनी, जानेवारी १७०६ मध्ये, वाकिणखेड्याच्या शेवटच्या मोहिमेनंतर थकलेली, पगार थकलेली ही छावणी अहमदनगरला पोहोचली आणि भिंगारच्या बाजूला विसावली. हा आपल्या प्रवासाचा शेवट, असे बादशहा म्हणाल्याचे सांगतात. मराठ्यांच्या तुकड्या त्याच वर्षी छावणीच्या अगदी जवळ येऊन थडकत होत्या. सत्तावीस वर्षांच्या युद्धाचा हिशेब त्याला तंबूच्या दारातून दिसत होता.

३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब येथेच मरण पावला. देह खुलताबादला नेला. भिंगारजवळच्या त्या जागेला आजही आलमगीर म्हणतात. ज्या तळावर बादशहाने प्राण सोडला, त्याच तळावर संभाजीराजांचा मुलगा शाहू नजरकैदेत होता, ही गोष्ट मात्र नगरच्याही अनेकांना ठाऊक नसते. सात वर्षांचा असताना रायगडावर पकडला गेलेला हा मुलगा आता पंचविशीला आला होता. आझमशहाने नगरलाच स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले, उत्तरेचा रस्ता धरला आणि शाहूला सोबत नेले. पुढे माळव्यात शाहूची सुटका झाली आणि मराठ्यांच्या राज्याची दिशा बदलली. औरंगजेबाची छावणी ज्या महिन्यांत येथे मोडत होती, त्याच महिन्यांत साताऱ्याच्या पुढच्या चाळीस वर्षांची पायाभरणी होत होती. भिंगारला यात विचारले कोणी नाही. छावणीने भोवतालची कडबी, धान्य, जळण आणि पाणी संपवले असेल, हे कोणत्याही मोठ्या तळाच्या अनुभवावरून सांगता येते. शाही वृत्तान्तांत गावाच्या वैरणीची नोंद नसते.

आता १८०३. या वर्षी मात्र भिंगारचा एक माणूस नावानिशी इतिहासात येतो, आणि येतो तो वाईट ठिकाणी.

वसईच्या तहाने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्याशी युद्ध उभे राहिले. नगरचा किल्ला १७९७ पासून शिंद्यांकडे होता. ऑर्थर वेलस्ली ८ ऑगस्टला शहराच्या तटावर शिड्या लावून आत शिरला आणि काही तासांत पेठ त्याच्या हाती आली. त्याच्या छावणीत पेशव्यांच्या बाजूचे मराठे सरदारही होते. त्यांतल्या एकाने आपल्या मित्रांना कळवले की हे इंग्रज विचित्र आहेत. सकाळी आले, तट पाहिला, त्यावरून चालत गेले, शिबंदी मारली आणि न्याहारीला परतले. ९ तारखेला वेलस्लीने किल्ल्याभोवती फिरून पाहणी केली. १० तारखेला तोफा सुरू झाल्या, १२ ऑगस्टला किल्लेदाराने किल्ला खाली केला आणि चौदाशे माणसे आपली चीजवस्तू घेऊन बाहेर पडली.

१८८४ मध्ये छापलेले अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर ९ तारखेच्या पाहणीबरोबर एक वाक्य जोडते. भिंगारचा देशमुख रघुराव बाबा याला चार हजार रुपये मिळाले आणि हल्ला पूर्वेच्या बाजूने करावा असा सल्ला त्याने दिला.

या एका वाक्यावर भिंगारला आजवर बरेच ऐकावे लागले आहे. 'फितुरी' हा शब्द लगेच ओठांवर येतो. पण घाई करू नये. पहिली गोष्ट, हा मजकूर ऐंशी वर्षांनी छापलेला आणि विजेत्यांच्या दफ्तरातला आहे. दुसरी अधिक महत्त्वाची. भिंगारचा देशमुख ऑगस्ट १८०३ मध्ये नेमका कोणाचा चाकर होता? त्याचे वतन देशमुखीचे. वतनदाराची निष्ठा राज्यकर्त्यापेक्षा वतनाशी असे, ही मराठेशाहीची जुनी रीत, आणि शिवाजी महाराजांनी तिच्याशी आयुष्यभर झगडा केला होता. शिवाय छत्रपतींचा पेशवा, म्हणजे या राज्याचा नामधारी मुख्य, त्या क्षणी वेलस्लीच्या बाजूला होता आणि त्याचे सरदार वेलस्लीच्या छावणीत न्याहारीची मजा बघत होते. किल्ल्यात शिंद्यांची शिबंदी होती आणि तीत अरब व परदेशी अंमलदारांच्या हाताखालचे लोक होते. आदल्या वर्षी होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला होता. १८०३-०४ चा दुष्काळ दाराशी उभा होता. अशा वेळी गावच्या देशमुखाने कोणाशी इमान राखायचे होते, हा प्रश्न आजच्या नकाशावर बोट ठेवून सुटत नाही.

म्हणून त्याला निर्दोष ठरवावे असे नाही. चार हजार रुपये ही त्या काळी मोठी रक्कम होती आणि ती फुकट मिळत नसते. लेखकाचे मत विचाराल तर, रघुराव बाबाने शत्रूला वाट दाखवली, हे गॅझेटियर खरे धरल्यास मान्य करावे लागेल. परंतु वाट दाखवण्याजोगी माहिती त्याच्याकडे होती, कारण किल्ल्याची पूर्व बाजू भिंगारकडे होती. किल्ला शहराकडे तोंड करून उभा होता आणि त्याची पाठ कशी आहे हे पाठीशी राहणाऱ्या गावाला ठाऊक होते.

१८१७ च्या पुणे तहाने किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला, पुढल्या वर्षी पेशवाई बुडाली आणि हेन्री पॉटिंजर नगरचा कलेक्टर झाला. फौज येथे राहिली ती आजतागायत. बहामनी तळ महिनाभराचा होता, मोगलांचा वर्षभराचा. हा तळ उठलाच नाही.

इंग्रजी छावणीचे गणित समजून घेतल्याशिवाय आजचे भिंगार समजत नाही, म्हणून येथे जरा रेंगाळू. गोऱ्या शिपायाला शहरात ठेवायचे नव्हते. शहरापासून फार दूरही ठेवायचे नव्हते. किल्ला आणि भिंगार यांच्या आसपासची मोकळी, पसरट जमीन या हिशेबाला नेमकी जुळली. पण फौजेला रोज दूध, मांस, पाव, गवत, जळण, कपडे धुणारे, शिवणारे, खोगीर दुरुस्त करणारे, पाणी भरणारे लागतात. कवायतीच्या मैदानामागे बाजार लागतो. असा बाजार छावणीच्या हद्दीत बसवला की त्याला सदर बाजार म्हणत. शेजारचे गाव आपोआप त्याचे परसदार बनते. भिंगारला स्वतःचे हातमाग होते. साळी आणि कोष्टी यांची लुगडी नगर आणि भिंगार दोन्ही ठिकाणी विणली जात. परंतु गावाच्या अर्थव्यवस्थेला जड पारडे फौजेच्या गरजांचे.

१८५७ नंतर हिंदुस्थानातील गोऱ्या सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी राजकीय आयोग नेमला गेला. १८६३ च्या त्याच्या अहवालामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे आकडेकाम होते. लढाईत मरणाऱ्यांपेक्षा पटकी, हगवण, ताप, दारू आणि गुप्तरोग यांनी मरणारे व निकामी होणारे कितीतरी अधिक, हे त्यातून उघड झाले. पुढच्याच वर्षी छावण्यांचा कायदा आला. त्याचा रोख सरळ होता. शिपायाला रोग बाजारातून होतो, म्हणून बाजारावर लष्कराचा हुकूम चालला पाहिजे. कोण कोठे राहील, कोणती दुकाने असतील, कोणाला हद्दीबाहेर घालवायचे, हे लष्करी अधिकारी ठरवू लागला. उकिरडा, गटार आणि विहीर यांची चिंता खरी होती, आणि छावणीचे रस्ते शहराच्या गल्ल्यांपेक्षा स्वच्छ राहिले हेही खरे. पण ही स्वच्छता ज्यांच्यासाठी होती ते बराकीत राहत होते. बाजारातला माणूस या व्यवस्थेत रोगाचा संभाव्य वाहक म्हणून मोजला गेला.

जमिनीचे नियम त्याहून चिवट. छावणीत बंगला बांधायला परवानगी मिळे, पण जमीन सरकारची राही. सरकारने नोटीस दिली की इमारतीची किंमत घेऊन जागा सोडायची. बंगाल इलाख्यातला १८३६ चा आदेश यासाठी प्रसिद्ध आहे; मुंबई इलाख्यातही याच धर्तीचे नियम होते. या पद्धतीला आजही 'ओल्ड ग्रँट' म्हणतात, आणि छावणीत जुने घर असलेल्या कोणत्याही कुटुंबाला हे दोन इंग्रजी शब्द तोंडपाठ असतात. भिंती आपल्या, छप्पर आपले, खालची जमीन दुसऱ्याची. वारसनोंद, विक्री, कर्ज, आणखी एक मजला चढवणे, प्रत्येक ठिकाणी हे शब्द आडवे येतात.

१८७८ मध्ये दौंड-मनमाड रेल्वे झाली. स्थानक शहराच्या दक्षिणेला पडले. दाणेडबरा, आडते बाजार, कापड बाजार ही नगरची व्यापाराची नावे. गावोगावचा माल तेथे येई आणि तेथूनच जाई. भिंगार त्या नकाशातही कडेलाच.

किल्ल्यात आणि छावणीत कैदी ठेवण्याची परंपराही याच काळात सुरू झाली. बोअर युद्धातील कैदी येथे होते. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानभरचे जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिक, व्यापारी, खलाशी, मिशनरी, येथे आणून ठेवले. १९१७ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे प्रतिनिधी ही छावणी तपासून गेले. १९३९ मध्ये पुन्हा तेच. तिबेटवरच्या पुस्तकामुळे पुढे जगप्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर याचीही बंदिवासाची सुरुवात नगरलाच झाली. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सदस्य किल्ल्यात आले. नेहरूंनी येथे १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले, मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'ची पत्रे लिहिली, हे शाळेत शिकवले जाते. कैद्यांना शहरापासून तोडायचे तर अशीच जागा हवी होती, जिच्याभोवती आधीच लष्कर आहे.

स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले आणि छावणी अधिक मोठी झाली. १९४८ मध्ये चिलखती दळाचे प्रशिक्षण केंद्र येथे एकत्र आले, १९७९ नंतर यांत्रिक पायदळाचे. १९९४ मध्ये उभे राहिलेले रणगाडा संग्रहालय पाहायला राज्यभरातून शाळांच्या सहली येतात. नगरकराला याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. भिंगारच्या, आसपासच्या खेड्यांतल्या अनेक घरांत या संस्थांचा पगार आला, निवृत्तिवेतन आले. दुसऱ्या पारड्यात खारे-कर्जुन्याच्या फायरिंग रेंजसाठी गेलेल्या जमिनी आणि 'के. के. रेंज वाढणार' या बातमीने दर काही वर्षांनी धास्तावणारी नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतली गावे आहेत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता कारभाराकडे वळू, कारण भिंगारचा आजचा खरा प्रश्न तेथे आहे.

१९२४ च्या आणि नंतर २००६ च्या कायद्याने छावणी परिषदा चालतात. महाराष्ट्रात त्या सात: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहमदनगर, औरंगाबाद, कामठी. परिषदेचा अध्यक्ष लष्करी तळाचा प्रमुख असतो, मुख्य कार्यकारी अधिकारी संरक्षण मंत्रालयाच्या सेवेतला, आणि लोकांनी निवडलेले सदस्य निम्मे. उपाध्यक्षपद तेवढे लोकनियुक्तांकडे. शेजारी २००३ मध्ये नगरची महापालिका झाली. रस्त्याच्या एका बाजूचा नागरिक महापौर पाहतो, दुसऱ्या बाजूचा ब्रिगेडियर. पलीकडे नागरदेवळ्यासारखी ग्रामपंचायत. एकाच सलग वस्तीत तीन प्रकारचे कर, तीन प्रकारचे बांधकाम नियम. घर वाढवायचे असेल तर महापालिकेच्या हद्दीत जे सहज होते ते छावणीत वर्षानुवर्षे अडते. राज्य सरकारच्या योजनाही पुष्कळदा छावणीच्या उंबऱ्यावर अडखळतात, कारण परिषद केंद्राच्या खात्याची. जकात गेली, २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि छोट्या परिषदांच्या तिजोऱ्या आणखी आकसल्या.

फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभरातील छावणी परिषदांची मुदत संपली. निवडून आलेले सदस्य घरी गेले. त्यांच्या जागी तीन जणांचे मंडळ आले: अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेला एक नागरिक. ३० एप्रिल २०२३ रोजी ५७ छावण्यांत मतदान होणार असे जाहीर झाले. उमेदवारांनी तयारी सुरू केली आणि मार्चमध्ये ती अधिसूचना मागे घेतली गेली. त्यानंतर केंद्राने वेगळीच दिशा धरली. छावण्यांतील नागरी वस्ती वेगळी काढून शेजारच्या पालिकांत मिसळायची, आणि लष्करी भाग तेवढा लष्कराकडे ठेवायचा. हिमाचलमधील योलपासून सुरुवात झाली. २०२४ मध्ये हस्तांतराची मार्गदर्शक तत्त्वे आली. रस्ते, दवाखाने, शाळा, पाणीयोजना अशी नागरी मालमत्ता राज्याच्या संस्थांना विनामूल्य द्यायची, असे त्यांत आहे.

वरवर पाहता भिंगारची दीडशे वर्षांची अडचण यातून सुटते. पण तपशिलात अनेक गाठी आहेत. ओल्ड ग्रँटच्या जमिनीचे काय? परिषदेच्या कामगारांचे आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचे काय? रेषा कोणत्या गल्लीतून जाणार आणि कोणाचे घर कुंपणाच्या कोणत्या बाजूला राहणार? महापालिकेत गेल्यास मोठ्या शहराच्या अंदाजपत्रकात भिंगारचा आवाज किती उरेल? ही शंका पाचशे वर्षांच्या अनुभवातून आलेली आहे, तिला हट्ट म्हणून झटकून टाकता येत नाही.

याच सुमारास, २०२४ मध्ये, अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले. त्यावर वाद झाले, आनंद झाला, पाट्या बदलल्या. बोलताना बहुतेक जण पूर्वीही 'नगर' म्हणत आणि आजही 'नगर'च म्हणतात. भिंगारच्या पाटीवर काही बदलायचे नव्हते.

महापालिकेत जायचे की वेगळे राहायचे, यावर चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणते, एवढ्याशा भिंगारला स्वतंत्र नगरपालिका कशी परवडेल? म्हणणाऱ्यांच्या माहितीसाठी: एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, नगरची वस्ती आजच्या मानाने मूठभर होती तेव्हा, भिंगारला स्वतःची नगरपालिका होती.